आधी कोकची वही मागा : संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीला खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
सार्वजनिक उपक्रम समिती, नवी दिल्ली.

सप्रेम नमस्कार.

मी चंद्रपूरचा. नोकरीची एकतीस वर्षं एका सरकारी पोलाद कारखान्यात गेली, त्यातली बरीचशी झोतभट्टीच्या पायथ्याशी. आम्ही तिला फर्नेसच म्हणायचो, त्यामुळे पत्रात दोन्ही शब्द येतील. निवृत्तीनंतर मला पेपर वाचायला वेळ मिळतो, आणि पेपर वाचला की माझा रक्तदाब वाढतो असं घरचे म्हणतात. हे पत्र त्या रक्तदाबातूनच आलं आहे.

निमित्त नगरनारचं. गडचिरोली ओलांडून बस्तरात उतरलं की जगदलपूरच्या पुढे हा सरकारी पोलाद कारखाना लागतो. क्षमता वर्षाला 30 लाख टन. 12 ऑगस्ट 2023 ला तिथल्या फर्नेसमधून पहिलं लोखंड वाहिलं, 24 ऑगस्टला पोलादी पत्र्याची पहिली कॉइल गुंडाळली गेली. पहिल्या आर्थिक वर्षात तोटा दीड हजार कोटींच्या वर गेला, दुसऱ्यात दोन हजार कोटींच्या वर. झालं. ‘सरकारला लोखंड जमत नाही’ हे पालुपद चहाच्या टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत सुरू झालं. यातली मौज अशी की हा कारखाना मूळ कंपनीपासून वेगळा काढून विकायला मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2020 मध्येच मान्यता दिली होती. म्हणजे बारशाच्या आधीच पोर दत्तक द्यायचं ठरलेलं, आणि आता ते रांगत का नाही म्हणून विचारणा.

विकावा की ठेवावा, या वादात मी पडत नाही. चंद्रपुरात बसून नगरनारच्या फर्नेसची नाडी बघण्याइतका आगाऊपणाही करणार नाही. माझं म्हणणं फार लहान आहे. नव्या फर्नेसचा पहिल्या दोन-तीन वर्षांतला तोटा ताळेबंदात दिसतो, पण त्याचं कारण ताळेबंदात नसतं. आपल्यासारख्या समित्या ते तिथेच शोधतात.

आमच्याकडे एकदा दिल्लीहून पाहणी पथक आलं होतं. कारखान्याचं नाव लिहीत नाही, त्याचं इथे काम नाही. आमची नवी फर्नेस महिनाभर आजारी होती. वारा घेत नव्हती, माल अडकायचा आणि मग धाडकन खाली यायचा, चूल गार पडत चालली होती. आम्ही रात्र-रात्र ऑक्सिजनच्या नळ्या लावून तिचं बुजलेलं तोंड जाळून मोकळं करत होतो. पथकाने दीड दिवस कॉन्फरन्स रूममध्ये बसून टनांचा हिशेब घेतला, मनुष्यबळ विचारलं, ओव्हरटाइम विचारला, कॅन्टीनचं अनुदानसुद्धा विचारलं. फर्नेसमध्ये घालायच्या कोकमध्ये, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशात, ओल किती आहे हे एकानेही विचारलं नाही. कोकचा साठा उघड्यावर होता आणि पावसाळा होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तेव्हापासून माझ्या डोक्यात जपानची एक गोष्ट आहे. ती आपल्या कार्यालयात कुणी सांगितली नसेल, म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

जपानच्या क्यूशू बेटावर फुकुओका प्रांतात यावाता नावाचं खेडं होतं. जवळ चिकुहोच्या कोळसा खाणी. 1896 मध्ये जपानी संसदेने सरकारी लोखंड कारखान्याला मंजुरी दिली आणि पुढच्या वर्षी जागा ठरली ती ही. चीनवरच्या विजयानंतर मिळालेल्या खंडणीतला काही वाटाही त्यात गेला. मूळ बेत वर्षाला 60 हजार टन पोलादाचा. त्याची आखणी करणाऱ्यांत कागेयोशी नोरो नावाचे प्राध्यापक होते, लंडन आणि जर्मनीतल्या फ्रायबर्गमध्ये शिकून आलेले. त्यांचं मत होतं, पायरी-पायरीने जावं. पण टोकियोच्या पाण्याच्या नळांच्या एका घोटाळ्यात नाव गोवलं गेलं आणि ते बाजूला झाले. नंतर आलेल्या मंडळींनी, म्हणजे संचालक त्सुनाशिरो वादा आणि तांत्रिक प्रमुख मिचितारो ओशिमा यांनी, बेत 90 हजार टनांवर नेला आणि सगळा कारखाना जर्मनीच्या ओबरहाउझेनमधल्या एका मोठ्या कंपनीकडून आराखड्यासकट आणवला. खर्चाचा अंदाज चाळीस लाख येनवरून दोन कोटींच्या घरात गेला. जन्माला यायच्या आधीच विस्तार!

1900 सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे. अर्धवट बांधलेल्या भट्टीपुढे जपानचे बडे नेते इतो हिरोबुमी आणि बरीच बडी मंडळी टोप्या घालून उभी आहेत. आपल्याकडच्या पायाभरणीच्या फोटोंशी त्याचं इतकं साम्य आहे की जपानी टोप्यांच्या जागी फेटे घातले तरी चालेल.

5 फेब्रुवारी 1901 ला यावाताच्या हिगाशिदा भागातली पहिली भट्टी पेटली. दिवसाला 160 टन लोखंड निघायचं होतं. निघालं त्याच्या निम्म्याच्या आसपास. तोटा साठत गेला, संसदेत बोंबाबोंब झाली, आणि जुलै 1902 मध्ये भट्टी विझवावी लागली. संचालक वादांना जावं लागलं. दीड वर्षात सगळा डौल उतरला. एप्रिल 1904 मध्ये पुन्हा पेटवली, ती सतरा दिवसांत बंद पडली.

आता इथे थांबून कोकबद्दल चार शब्द लिहितो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बहुतेकांना वाटतं, कोक म्हणजे जळण. चुलीत सरपण घालावं तसा भट्टीत कोक. ते अर्धंच खरं. झोतभट्टीत वरून खनिज, चुनखडी आणि कोक थराथराने पडतात, खालून तापवलेला वारा जोराने शिरतो. खाली उतरता-उतरता खनिज मऊ होतं, वितळतं, चुनखडी त्यातल्या मातीशी मिळून मळी होते. भट्टीच्या पोटात शेवटपर्यंत घट्ट राहणारा पदार्थ एकच, कोक. वरच्या शेकडो टनांचा भार तोच पेलतो आणि त्याच्याच फटींतून वारा वर जातो, लोखंड खाली ठिबकतं. कोक ठिसूळ असला तर त्याचा भुगा होतो, फटी बुजतात, भट्टी घुसमटते. मग पंखे दुप्पट जोराने लावा की साहेबांची बदली करा, काही होत नाही. माझी आजी ओल्या सरपणावर भाकरी करताना फुंकणीने फुंकून-फुंकून डोळे लाल करायची. तिला कुणी ‘भाकऱ्या कमी का झाल्या’ म्हणून विचारलं नाही. आधी सरपण बघायचे.

यावातात नेमकं हेच होतं. चिकुहोचा कोळसा जवळ होता, स्वस्त होता, पण त्यात राख फार आणि त्याचा कोक दुबळा. तो कोळसा नीट धुऊन, चांगल्या बंद भट्ट्यांत भाजून मजबूत कोक करायची सोय अपुरी राहिली होती. भट्टी मात्र जर्मन. तिच्या पोटाचा आकार जर्मनीतल्या कोकच्या आणि खनिजाच्या हिशेबाने बेतलेला. कागदावर आराखड्यात दोष नव्हता, फक्त तो दुसऱ्याच मालासाठी काढलेला होता. उंच भट्टीत वरचा भार जास्त, आणि तो पेलणारा कोक दुबळा. जर्मन फोरमन ज्या सवयीने भट्टी चालवत ती सवय इथे उपयोगाची नव्हती, आणि जपानी कामगारांना त्या आकाराच्या भट्टीची सवयच नव्हती.

1904 मध्ये सरकारने ज्या नोरोंना बाजूला सारलं होतं त्यांनाच बोलावलं. हे मला फार आवडतं, कारण सरकारी खात्याला असं करणं किती अवघड असतं ते मी जवळून पाहिलंय. नोरोंनी भट्टी उघडली, आतून तपासली. पोटाचा आकार बदलला, तो हाताशी असलेल्या मालाला धरून. नव्या कोकभट्ट्यांचा कोक वापरात आणला. त्यांचे विद्यार्थी सुसुमू हात्तोरी फर्नेसवर होते. 23 जुलै 1904 ला तिसऱ्यांदा पेटवली, आणि ती चालली. पुढच्याच वर्षी दुसरी भट्टी पेटली.

आपल्या समितीच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते यापुढचं. यावाताचा पहिला नफा दिसला 1910 साली. पेटल्यापासून नऊ वर्षांनी. आणि पहिला मोठा विस्तार कधी मंजूर झाला? 1906 साली. म्हणजे कारखाना तोट्यात असताना जपानी संसदेने त्याची क्षमता 90 हजार टनांवरून 1 लाख 80 हजार टनांवर न्यायला पैसे दिले. रशियाशी युद्ध नुकतंच संपलं होतं, रूळ, जहाजं आणि तोफांना पोलाद हवं होतं, हे कारण होतंच. पण हिशेबाचंही कारण होतं. कोकभट्ट्या, बंदर, रेल्वे, पाणी, रोलिंग मिल हे सगळं उभारून झालं की त्याचा बोजा एका भट्टीच्या लोखंडावर टाकला तर प्रत्येक टन महागच पडणार. आमच्या भाषेत, अख्ख्या गावाची पंगत मांडायची आणि पातेलं एकच चढवायचं. पहिल्या विस्तारात पाणी कमी पडायला लागलं म्हणून ओंगा नदीकाठी वाफेवर चालणारं पंपगृह बांधलं, तेही 1910 चंच. विटांची ती इमारत अजून उभी आहे आणि तिथून कारखान्याला अजून पाणी जातं. 2015 मध्ये युनेस्कोने यावाताच्या इतर जुन्या इमारतींबरोबर तिलाही वारसास्थळात घेतलं. 1911 ला दुसरा विस्तार, 1916 ला तिसरा.

आपल्याकडे क्रम उलटा सांगतात. आधी नफा दाखवा, मग पुढच्या भट्टीचं बघू. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण तोटा जर आजारी भट्टीमुळे असेल तर विस्तार म्हणजे तो आजार दुप्पट करणं, आणि तोटा जर अर्धवट पोटामुळे, म्हणजे मोठ्या कारखान्याला एकच भट्टी पुरत नसल्यामुळे, असेल तर विस्तार न करणं म्हणजे उपास घडवून वजन वाढायची वाट बघणं. दोन्ही तोटे ताळेबंदात एकाच रकान्यात, एकाच लाल शाईत येतात. फरक फक्त फर्नेसच्या वह्यांत दिसतो. यावातात 1902 चा तोटा पहिल्या जातीचा होता, 1906 चा दुसऱ्या. 1902 मध्ये कुणी विस्ताराला पैसे दिले असते तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आपल्यापैकी कुणीतरी इथे बोट ठेवील, आणि ठेवावंच. ‘अहो, त्याच जपानमध्ये कामाइशीचा सरकारी कारखाना सरकारला चालवता आला नाही, खासगी माणसाने घेतल्यावरच चालला.’ अगदी खरं. कामाइशीत इंग्रजी धाटणीच्या दोन मोठ्या भट्ट्या 1880 मध्ये उभ्या राहिल्या. कोळसा दगडी नव्हे, लाकडी. शंभर दिवस व्हायच्या आत लोणारी कोळसा संपला. पुन्हा पेटवली ती दुबळ्या कोकने तुंबली. सरकारने हात झटकले. चोबेई तानाका या व्यापाऱ्याने लहान भट्ट्या बांधल्या, अठ्ठेचाळीस वेळा फसला आणि 1886 च्या ऑक्टोबरात एकोणपन्नासाव्या वेळी लोखंड वाहिलं. चिकाटीला सलाम. पण बदललं काय ते बघा. मालक बदलला हे एक, आणि भट्टी हाताशी असलेल्या कोळशाएवढी लहान झाली हे दुसरं. पुढे तिथली मोठी भट्टी कोकवर चालली ती नोरोंच्या मार्गदर्शनाखाली, म्हणजे सरकारी विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्याच. आणि यावातात भट्टी चालवायला आलेल्यांत कामाइशीत हात मुरलेले कामगार होते. लोखंडाला सातबारा कुणाच्या नावावर आहे ते कळत नाही.

यावाताची आरती ओवाळायची माझी इच्छा नाही. त्यांना स्वतःचं पुरेसं खनिज नव्हतं. 1899 मध्ये करार करून ते चीनमधल्या ताये खाणीतून खनिज आणू लागले, पुढे कर्ज देऊन त्या खाणीला आणि तिच्या मालकांना बांधून घेतलं. चीनच्या ज्या हानयांग लोखंड कारखान्यासाठी ती खाण उघडली होती तो कर्जात रुतत गेला. हानयांगचंही दुखणं सुरुवातीचंच. कोणतं खनिज मिळणार हे न तपासताच त्यांनी इंग्लंडहून पोलादाची यंत्रं मागवली, आणि त्या यंत्रांत फॉस्फरस निघत नसे. रूळ ठिसूळ झाले. माल आधी, यंत्र नंतर, हा साधा क्रम.

आणि खनिजावरून आठवलं. बस्तरची बैलाडिला लोहखाण 1960 च्या दशकात उघडली गेली तीच जपानी पोलाद गिरण्यांशी करार करून. किरंदुलहून विशाखापट्टणमपर्यंत डोंगर पोखरून रेल्वे नेली, आणि इथलं उत्तम खनिज वर्षानुवर्षं जहाजांत भरून जपानला गेलं. आता त्याच डोंगराचं खनिज नगरनारच्या फर्नेसमध्ये पडतंय, मधे साठ वर्षं गेली. त्यापुढे दोन वर्षांचा तोटा लावून बघा, एवढंच म्हणतो.

आपल्या देशातलंही एक उदाहरण देतो, कारण त्यातला माणूस आपल्या ओळखीचा आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअर झाले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात वाढले, खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांमुळे महाराष्ट्राला ठाऊक झाले. 1898 मध्ये, अजून मुंबई सरकारच्या नोकरीत असताना, ते जपान बघून आले. यावाताची जमीन तेव्हा सपाट होत होती. पुढे म्हैसूरचे दिवाण म्हणून त्यांनी भद्रावतीच्या लोखंड कारखान्याचा पाठपुरावा केला. म्हैसुरात दगडी कोळसा नाही, म्हणून भट्टी लाकडी कोळशावर, आणि लाकूड भाजताना निघणारं स्पिरिट, डांबर विकून खर्च भरून काढायचा. योजना ठरली पहिल्या महायुद्धाच्या चढ्या भावात, आणि जानेवारी 1923 मध्ये भट्टी पेटली तेव्हा लोखंडाचा भाव कोसळलेला. जंगलातून लाकूड आणायचा खर्च डोईजड. सगळ्या संस्थानात टीकेची झोड.

दिवाणपद सोडून पाच वर्षं होत आली होती, तरी म्हाताऱ्या विश्वेश्वरय्यांना बोलावलं. 1929 पर्यंत ते व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष होते. कारखाना सावरेपर्यंत त्यांनी मेहनताना घेतला नाही. नंतर मिळाला तो बंगळुरात तंत्रशिक्षणाची संस्था काढायला दिला, आणि संस्थेला स्वतःचं नाव देऊ दिलं नाही. भद्रावतीनेही तोट्याच्या उत्तरात फक्त काटकसर केली नाही. ओतीव नळ आले, 1936 ला पोलाद, मग सिमेंट. लाकडी कोळशाचं लोखंड गंधक कमी असल्याने उत्तम, पण कच्चं विकलं तर भाव बाजार ठरवणार. नळ करून विकलं तर थोडाफार आपण. विस्तार उंचीत नव्हता, रुंदीत होता. त्या भट्टीला मोठी करणं म्हणजे आणखी जंगल तोडणं होतं.

तेच भद्रावती पुढे केंद्राच्या कंपनीत विलीन झालं आणि जानेवारी 2023 मध्ये, म्हणजे बरोबर शंभराव्या वर्षी, ते बंद करायचा ठराव संचालक मंडळाने केला. नंतर तो गुंडाळला गेला, काही मिली पुन्हा फिरल्या. त्या कारखान्याकडे स्वतःची चालू लोहखाण राहिली नव्हती. पुन्हा तेच. दुखणं मालाचं, इलाज मालमत्तेचा.

आता प्रत्यक्ष मागणं. समिती कुठल्याही नव्या सरकारी पोलाद कारखान्यात जाईल तेव्हा कॉन्फरन्स रूममधलं सादरीकरण दुपारनंतर ठेवा. सकाळी कोक प्रयोगशाळेची वही मागा. त्यात राख, ओल आणि गरम स्थितीतली मजबुती रोज लिहिलेली असते. तिच्याशेजारी फर्नेसची लॉगबुक ठेवा आणि माल अडकल्याच्या तारखा कोकच्या तारखांशी जुळवून बघा. हे कळायला धातुशास्त्राची पदवी लागत नाही, बोट फिरवलं तरी पुरतं. वह्यांत कोक सहा महिने एकसारखा दिसला, फर्नेस शांत दिसली आणि तरीही तोटा असेल, तर पुढचे प्रश्न विचारा. रोलिंग मिल किती तास रिकामी उभी राहते? कॉइल कुणाला विकतात, कोणत्या भावाने? कोकिंग कोळसा बाहेरच्या देशातून कोणत्या करारावर येतो? त्यानंतर मनुष्यबळ. कॅन्टीनचं अनुदान सगळ्यात शेवटी.

दुसरं, अहवालात तोट्याचे दोन भाग करून लिहायला व्यवस्थापनाला भाग पाडा. भट्टी आजारी होती म्हणून झालेला एक, आणि भट्टी ठीक असूनही बाकी कारखाना तिच्यापेक्षा मोठा आहे म्हणून झालेला दुसरा. विस्ताराचा प्रस्ताव दुसऱ्या भागाकडे बघून तपासा. पहिला भाग मोठा असेल तेव्हा विस्ताराचं नाव काढणाऱ्याला परत पाठवा, मग तो मंत्री का असेना.

तिसरं म्हणजे, पूर्वी ज्यांना बाजूला सारलं त्यांच्यातला कुणी नोरो आहे का, हे एकदा शोधा. निवृत्त फर्नेसवाले या देशात खेडोपाडी पडलेले आहेत. त्यांना मानधनाची फार अपेक्षा नसते, सेकंड एसीचं तिकीट आणि फर्नेसजवळ उभं राहायची परवानगी दिली तरी येतील. मी तर नक्की येईन.

आणि जायचं ते एप्रिलात नको. एप्रिलात सगळ्यांचा कोक कोरडा असतो. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात जा, बैलाडिलाच्या डोंगरावर चार दिवस झड लागलेली असताना. गमबूट घरून न्या, कारखान्यातले पाहुण्यांसाठी ठेवलेले बूट नेहमी एक नंबर लहान असतात.

कळावे,
आपला,
एक निवृत्त फर्नेसवाला, चंद्रपूर